हालचाल आणि अभ्यास : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

वर्गात मुलांनी उठून, चालून, हातवारे करून शिकावे का, आणि शिकायचे तर नेमके कसे, या विषयावर या सदरासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे प्राथमिक शिक्षकांची असून काही पालकांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मुले शंभरपर्यंतचे अंक घडाघडा म्हणतात, पण ‘पंचवीस लिहा’ म्हटले की निम्मी मुले ५२ लिहितात. ‘कृतीतून शिकवा’ असे प्रशिक्षणात सांगितल्यामुळे मी त्यांना उड्या मारत, टाळ्या वाजवत अंक म्हणायला लावले. मुले खूश आहेत. चूक मात्र तशीच आहे. माझे कोठे चुकते? (एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा)

मुले आनंदाने गणिताच्या तासाला येऊ लागली, ही गोष्ट लहान नाही, कारण दुसरीत बसलेली गणिताची धास्ती पुढे काढणे फार जड जाते. तरीही लिहिण्यातली चूक का हटली नाही, याचे कारण आपल्या वर्णनातच आहे. मुलांनी प्रत्येक अंकाला एक उडी मारली, म्हणजे सातालाही एक आणि पंचविसालाही एकच. शरीर हलले, पण पंचवीस ही संख्या केवढी आहे, तिच्यात दशक किती आणि एकक किती, यांतले काहीही त्या उडीत नव्हते. अशा उडीने अंग मोकळे होते, मूल ताजेतवाने होते. संख्या कळत नाही. हालचालीतून शिकवायचे असेल तर जे शिकवायचे तेच हालचालीत असले पाहिजे, आणि पुढच्या जवळजवळ सर्व उत्तरांचा आधार हाच आहे.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या २०१५ मधील एका अभ्यासात हा फरक चांगला दिसतो. बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांना अजिबात न येणाऱ्या इटालियन भाषेतील चौदा शब्द चार आठवड्यांत शिकवले होते. एका गटाने शब्दाचा अर्थ संपूर्ण शरीराने करून दाखवला, दुसऱ्या गटाने व्यायाम केला पण त्याचा शब्दाशी संबंध नव्हता, तिसऱ्याने बसल्या जागी हातवारे केले आणि चौथ्याने नेहमीच्या पद्धतीने शब्द म्हटले. सर्वांत जास्त शब्द पहिल्या गटाच्या लक्षात राहिले.

आता आपल्या पंचविसाकडे येऊ. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, तर लिहिताना दोन आधी येतो. त्यामुळे ५२ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ते जसे ऐकते तसे लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला होता. नव्या रीतीविषयी मते काहीही असोत, जी अडचण सोडवण्यासाठी ती आणली होती ती खरी आहे आणि आपल्या वर्गात ती रोज दिसते आहे.

शाळेच्या अंगणात चुन्याने दहा मीटर लांबीची सरळ रेघ आखून घ्यावी. दर मीटरला जाड खूण आणि त्यामध्ये दर दहा सेंटीमीटरला बारीक खूण करावी. या रेघेवर शून्य ते शंभर संख्या बसतात. सात वर्षांचे मूल उभ्या जागेवरून साधारण एक मीटर लांब उडी मारते, म्हणून एक उडी म्हणजे एक दशक. उडी थोडी कमी पडली तर पाय पुढे घेऊन जाड खुणेवर यावे. एककासाठी उडी मारायची नाही, फक्त एका बारीक खुणेवरून पुढच्या खुणेवर पाय सरकवायचा. हे माप सांभाळणे फार महत्त्वाचे आहे. पुष्कळ शाळांत दशकाला ‘मोठी उडी’ आणि एककाला ‘छोटी उडी’ एवढेच ठरलेले असते. प्रत्यक्षात मोठी उडी छोटीच्या जेमतेम दुप्पट भरते आणि दहापट म्हणजे केवढे, हे मुलाच्या अंगवळणी पडतच नाही.

मग एका मुलाने पंचविसावर जावे. दोन उड्या, पाच वेळा पाय सरकवणे. बाकीच्यांनी मोठ्याने ‘दहा, वीस’ आणि पुढे ‘एकवीस, बावीस’ असे मोजावे. मूल तेथेच उभे राहील आणि पाटीवर आधी उड्या किती ते लिहील, मग त्याच्या उजवीकडे सरकणे किती ते लिहील. त्यानंतर दुसऱ्या मुलाला बावन्नावर पाठवावे. दोघे आपापल्या जागी उभे राहिले की त्यांच्यात जवळजवळ पावणेतीन मीटर अंतर पडते, आणि २५ व ५२ यांची अदलाबदल म्हणजे काय हे वर्गाला समजावून सांगण्याची गरज उरत नाही. एकोणतीस, एकोणचाळीस या संख्या तर येथे फारच सुंदर उलगडतात : तीन उड्या मारून तिसावर जायचे आणि तोंड पुढेच ठेवून एक खूण मागे सरकायचे. एकोणिसापासून एकोणनव्वदपर्यंत प्रत्येक नावात हे एक पाऊल मागे येणे दडलेले आहे. फक्त नव्याण्णव वेगळे, आणि मुले ते आपणहून लक्षात आणून देतात.

जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी २०११ मध्ये बालवाडीच्या मुलांवर असाच एक प्रयोग केला होता. मुलांनी संख्यांची तुलना करताना जमिनीवरील चटईवर डावीकडे किंवा उजवीकडे पाऊल टाकून उत्तर दिले, तर तीच तुलना बसून करणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना संख्यारेषेवर संख्येची जागा अधिक अचूक दाखवता येऊ लागली.

एक शेवटची, पण दुर्लक्षित राहणारी गोष्ट. ही रेघ वर्षभर वापरायची नाही. काही दिवसांनी एकाच मुलाने रेघेवर चालावे आणि इतरांनी वहीतल्या रेघेवर बोट चालवावे. पुढे सर्वांनीच वहीवर बोट चालवावे, आणि त्यानंतर डोळे मिटून ‘सदतीस’ म्हटल्यावर तीन उड्या व सात सरकणी मनातल्या मनात करावीत. अंगणातली हालचाल आधी बोटात आणि मग मनात उतरली की काम झाले. ज्या मुलाला अजून रेघेची गरज वाटते त्याला ती हवी तेवढी वापरू द्यावी. आपला वर्ग पहिली-दुसरीचा एकत्र असल्याने दुसरीच्या मुलांनी संख्या सांगावी आणि पहिलीच्या मुलांनी ती चालून दाखवावी, अशी वाटणीही करता येईल.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. तो घरी एका जागी बसून अभ्यास करत नाही. एका खासगी केंद्राने बोटांचे ठसे घेऊन तो ‘कायनेस्थेटिक लर्नर’ आहे, त्याला फक्त हालचालीतूनच कळेल, असा अहवाल दिला आणि मेंदूच्या व्यायामांचा महागडा अभ्यासक्रम सुचवला. तो घ्यावा का? (एक पालक, पिंपरी-चिंचवड)

घेऊ नये. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी किंवा शिकण्याची पद्धत ओळखता येते, या दाव्याला शास्त्रीय आधार नाही. काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून आणि काही हालचालीतून, आणि ज्याला त्याला त्याच्याच पद्धतीने शिकवले तर फायदा होतो, ही समजूत शिक्षकांतही खोलवर रुजलेली आहे. अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये या विषयावरील उपलब्ध संशोधन तपासले तेव्हा तिला पुरेसा पुरावा आढळला नाही. कोणती पद्धत वापरायची हे मुलाच्या ‘प्रकारा’वरून ठरत नाही, विषयावरून ठरते. नकाशा सर्वांनाच पाहावा लागतो, कवितेची लय सर्वांनाच ऐकावी लागते आणि पोहणे सर्वांनाच हातपाय मारून शिकावे लागते. आपल्या मुलावर ‘हा फक्त हालचालीतूनच शिकतो’ असा शिक्का बसला, तर शांत बसून वाचण्याची गोडी लावण्याचा प्रयत्नच सोडून दिला जाईल, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते.

मेंदूच्या व्यायामांविषयीही थोडे स्पष्ट सांगायला हवे. उजव्या हाताने डावा गुडघा आणि डाव्या हाताने उजवा गुडघा शिवल्याने मेंदूचे दोन भाग ‘जोडले’ जातात, गळ्याखाली विशिष्ट जागी चोळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, असे दावे १९८० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ब्रेन जिम’ या कार्यक्रमातून जगभर पसरले. हे व्यायाम केल्याने अपाय काहीच नाही. मात्र त्यांच्यामुळे वाचन किंवा गणित सुधारते असे सिद्ध झालेले नाही. निरोगी मुलाच्या मेंदूचे दोन्ही अर्धगोल जन्मतःच मज्जातंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात. काही ठिकाणी कान धरून उठाबशा काढायला लावून त्यालाही बुद्धिवर्धक व्यायाम म्हटले जाते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीच कृती शिक्षा म्हणून वापरली गेली आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे, हे लक्षात घेता शाळांनी या प्रकारापासून दूर राहिलेलेच बरे.

आठ वर्षांचे मूल घरी एका जागी फार वेळ बसत नाही, यात काळजीचे काही नाही. त्याला पंधरा-वीस मिनिटांच्या बैठकीनंतर उठू द्यावे, पाढे येरझाऱ्या घालत म्हणू द्यावेत, खाली पोटावर झोपून वाचू द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी असते. शाळा, बस आणि शिकवणी यांच्यामध्ये ती मिळते का, हे आधी पाहावे. दृष्टी, श्रवण आणि झोप यांची तपासणी करून घ्यावी. घरात, शाळेत, नातेवाइकांकडे, सगळीकडेच त्याला क्षणभरही स्थिर राहता येत नसेल आणि त्यामुळे त्याचे रोजचे जगणे अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटावे.

प्रश्न : माझी नात पाच वर्षांची आहे. ती मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये बोट फिरवून अक्षरे गिरवते. घ-ध, म-भ यांत मात्र गोंधळ करते. पूर्वी आम्ही धुळीत अक्षरे काढत असू. त्यात काही तथ्य होते का? (एक आजी, सांगली)

होते, आणि बरेच होते. इटलीतील शिक्षणतज्ज्ञ डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे पाटीवर चिकटवलेली असत, आणि मूल पहिली दोन बोटे त्यांवरून लिहिण्याच्या दिशेने फिरवत अक्षराचा उच्चार करत असे. अक्षराचे वळण हाताला आधी कळते आणि मग डोळा ते ओळखतो, अशी त्यामागची धारणा होती. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धाच्या काळात येथेच राहिल्या. परंतु त्याच्या कितीतरी आधी बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी गुजरातेत भावनगरला ही पद्धत भारतीय मुलांसाठी वापरून पाहिली होती. ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यात १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबादला अनुताई वाघ यांच्यासह जे काम केले, त्यात विकत आणलेल्या महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, माती वापरली. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या अंगणात अंगणवाडी नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलाने हात चालवत शिकणे ही आपल्याकडे परदेशातून नुकतीच आलेली टूम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कोसबादचे काम जरूर समजून घ्यावे.

आता अ‍ॅपविषयी. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरे स्वतः हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली आणि काही कळफलकावर टंकली. नंतर तीच अक्षरे पाहताना त्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग केवळ स्वतः काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत सक्रिय झालेले दिसले. गिरवताना मूल रेघेच्या मागे जाते. रिकाम्या जागेत काढताना त्याला वळण स्वतः ठरवावे लागते, ते चुकते, पुन्हा जमते, आणि प्रत्येक वेळी थोडे वेगळे अक्षर पाहूनही ते ‘घ’च आहे हे त्याला कळत जाते.

म्हणून नातीला परातीत रवा किंवा बारीक वाळू पसरून द्यावी. गिरवणे सुरुवातीला एक-दोन वेळा चालेल. त्यानंतर रवा हलवून सपाट करावा आणि न पाहता काढायला सांगावे. घ आणि ध यांतला फरक तिला हातानेच सापडू द्यावा : ‘घ’ची शिरोरेषा अखंड ओढली जाते, ‘ध’ची सुरुवातीला तुटते, म्हणून ‘घ’ला शेवटी हात डावीकडून उजवीकडे थेट न्यायचा आणि ‘ध’ला मध्येच उचलायचा. म आणि भ यांचेही तसेच. ३ आणि ६ या अंकांत गोंधळ असेल तर अंगणात खडूने मोठे काढून त्यांवरून चालायला सांगावे. पोट कोणत्या बाजूला आले ते तिला वळताना कळेल. हे सगळे करताना आजी शेजारी बसून उच्चार करत असेल, तर अ‍ॅपची आठवणही फारशी येणार नाही.

प्रश्न : मुंबईतील आमच्या अनुदानित शाळेत एका वर्गात साठहून अधिक मुले आहेत. बाके जमिनीला ठोकलेली आहेत, खाली दुसरा वर्ग भरतो आणि थोडा आवाज झाला की तक्रार येते. आम्ही काय करायचे? (एक शिक्षक)

हात वापरावेत. मोकळी जागा नसल्याने पाय अडतात, हात अडत नाहीत, आणि हातवाऱ्यांना आवाज नसतो.

शिकागो विद्यापीठातील सुसान गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. त्यांचा एक साधा प्रयोग वर्गात जसाच्या तसा वापरता येतो. फळ्यावर ३ + २ + ८ = __ + ८ असे लिहावे. पुष्कळ मुले रिकाम्या जागी १३ लिहितात, कारण ‘बरोबर’ हे चिन्ह त्यांना ‘आता उत्तर लिहा’ असे वाटते. मुलांना दोन बोटांचा चिमटा करून ३ आणि २ यांच्या खाली धरायला आणि मग एक बोट रिकाम्या जागेवर ठेवायला शिकवले. ‘या दोघांची बेरीज करा’ असे शब्दांत कोणीही सांगितले नाही. २००९ च्या त्या अभ्यासात हा हातवारा करणारी मुले तो न करणाऱ्यांपेक्षा असे प्रश्न सोडवण्यात पुढे गेली, आणि दोन संख्या एकत्र घ्यायच्या ही कल्पना पुढे स्वतःच्या शब्दांतही मांडू लागली. आधीच्या वर्षीच्या अभ्यासात, हातवाऱ्यांसह शिकलेल्यांच्या ते चार आठवड्यांनंतरही चांगले लक्षात राहिले होते.

आपल्या साठ मुलांनी बाकावर बसल्या बसल्या हे करणे अगदी शक्य आहे. काटकोन, लघुकोन, विशालकोन दोन हातांनी दाखवणे, अपूर्णांकात पंजा दुमडणे, मराठीत शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ हाताने आखूड किंवा लांब रेघ ओढून सांगणे, भूगोलात बोटाने हवेत नदीचा मार्ग काढणे, हे सर्व बिनआवाजी आहे. शिक्षकालाही एक मोठा फायदा मिळतो : तोंडी उत्तर एकच मूल देते, हातवारा साठही मुले एकाच वेळी करतात आणि कोणाचे चुकले ते एका नजरेत दिसते. मात्र एक खबरदारी आवश्यक आहे. आपण मुलांसमोर उभे राहून हात उजवीकडे नेला तर त्यांना तो डावीकडे गेलेला दिसतो. म्हणून दिशा महत्त्वाची असेल तेव्हा फळ्याकडे तोंड करून हातवारा करावा.

प्रश्न : शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी शारीरिक शिक्षणाचे तास अभ्यासाकडे वळवावे लागतात. पालकांचाही तसा आग्रह असतो. यात मुलांचे नुकसान होते असे ठामपणे म्हणता येईल का? (एक मुख्याध्यापक, लातूर जिल्हा)

एवढे ठामपणे म्हणता येईल की हालचालीला दिलेला वेळ अभ्यासातून वजा होतो हा हिशोब चुकीचा आहे. नेदरलँड्समध्ये बारा प्राथमिक शाळांतील सुमारे पाचशे मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दोन वर्षे आठवड्यातून तीन वेळा गणित आणि भाषेचा वीस-तीस मिनिटांचा पाठ मुलांनी हालचाल करत घेतला. म्हणजे उत्तराइतक्या उड्या मारायच्या, शब्दाचे एकेक अक्षर एकेका उडीसह सांगायचे. ती मुले गणितात आणि शुद्धलेखनात बसून शिकणाऱ्यांच्या सुमारे चार महिने पुढे गेली. वाचनात फरक पडला नाही, हेही प्रांजळपणे सांगायला हवे.

शारीरिक शिक्षणाचा तास मात्र याहून वेगळा आहे आणि तो गणिताच्या सोयीसाठी नसतो. तो मुलाच्या वाढीसाठी आहे आणि तो काढून घेऊ नये. विशेषतः गृहपाठ केला नाही म्हणून खेळाचा तास बंद करण्याची शिक्षा कृपया थांबवावी. ज्या मुलाला वर्गात बसणे सर्वांत कठीण जाते, बहुधा त्याचाच तास जातो.

प्रश्न : माझ्या चौथीच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर पुरेसा ताबा नसणे) असलेली एक मुलगी आहे. ती वॉकर घेऊन चालते. संख्यारेषेवरचे खेळ घेतले की मी तिला गुण लिहायला बसवते. तिला वाईट वाटत असेल का? (एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

हा प्रश्न आपल्याला पडला याचे मला फार मोल वाटते. तिला काय वाटते ते तिलाच, इतरांसमोर नव्हे तर एकटीला, विचारावे. गुण लिहिण्याचे काम एरवी वाईट नाही, पण ज्या हालचालीतून इतर मुले गणित शिकत आहेत ती तिच्या वाट्याला येत नाही, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील समावेशक शिक्षणाचा अर्थ वर्गात बसू देणे एवढाच नाही.

हालचालीत काय महत्त्वाचे आहे ते आधी वेगळे काढावे. संख्यारेषेत उडीला महत्त्व नाही, दहापट अंतर कापण्याला आहे. तिने वॉकरसह जाड खुणेपासून जाड खुणेपर्यंत चालले तरी दशक तेवढेच होते. चालण्याने ती दमत असेल तर बाकावर सुतळीला दहा-दहा मण्यांचे दोन रंगांचे गट ओवून द्यावेत. दहा मणी तळव्याने एकदम ढकलायचे, एकेक मणी बोटाने. हे तिच्या एकटीसाठी वेगळे करू नये. त्या दिवशी अर्ध्या वर्गाने मण्यांची माळ घ्यावी आणि अर्ध्याने अंगणातली रेघ. शर्यत लावू नये, कारण ताठरपणा असलेल्या स्नायूंना घाई केली की ते अधिकच आखडतात आणि जमणारी गोष्टही जमेनाशी होते. तिच्या पालकांना आणि समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांना, शक्य असेल तर तिच्या फिजिओथेरपिस्टनाही, कोणत्या हालचाली तिला सोप्या आणि सुरक्षित आहेत ते विचारावे.

प्रश्न : हे सारे लहान मुलांसाठी ठीक आहे. आठवीच्या मुलांना उठून नाचायला सांगितले तर ती लाजतात किंवा हसतात. माध्यमिक वर्गांत याचा उपयोग आहे का? (दोन शिक्षक, नागपूर आणि सातारा)

लाज वाटणे स्वाभाविक आहे. त्या वयाच्या मुलांना सर्वांसमोर अभिनय करायला लावू नये. काम खरोखर गणिताचे, भाषेचे किंवा विज्ञानाचे असेल तर ती मनापासून करतात.

भूमितीचा पाठ कवायतीपासून सुरू करता येतो. ‘दाहिने मूड’ म्हणजे नव्वद अंश आणि ‘पिछे मूड’ म्हणजे एकशेऐंशी, हे मुलांच्या पायांना पहिलीपासून माहीत असते. मैदानावर एक वेडावाकडा मोठा त्रिकोण आखावा आणि एका विद्यार्थ्याला त्याच्या बाजूंवरून चालायला सांगावे. प्रत्येक शिरोबिंदूपाशी तो जितका वळतो, तो त्या ठिकाणचा बाह्यकोन. फेरी पूर्ण करून तो मूळ जागी मूळ दिशेला तोंड करून उभा राहिला की तो एकूण किती वळला, हे वर्गाला विचारावे. एक पूर्ण गिरकी, म्हणजे ३६० अंश. मग चौकोन, पंचकोन आखून पाहावे. बाजू कितीही वाढल्या तरी गिरकी एकच राहते, आणि बहिर्वक्र बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश का असते, हे पाठ करावे लागत नाही.

वृत्तांचे गण पाठ करताना कंटाळलेल्या वर्गाला मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात हे वृत्त पावलांनी चालायला सांगावे. लघूला आखूड पाऊल, गुरूला त्याच्या दुप्पट लांब. य गणाचा लघु-गुरु-गुरु हा क्रम चार वेळा आला की एका चरणाची बारा अक्षरे आणि वीस मात्रा पूर्ण होतात. यती, म्हणजे थांबण्याची जागा, सहाव्या अक्षरावर आहे हे चालताना आपोआप जाणवते.

विज्ञानात चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, हा प्रश्न घ्यावा. बहुतेक विद्यार्थी सांगतात की चंद्र स्वतःभोवती फिरत नाही. एकाला पृथ्वी म्हणून मध्ये उभे करावे, दुसऱ्याने सतत त्याच्याकडे तोंड ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारावी आणि आपल्याला समोर काय काय दिसले ते मोठ्याने सांगत जावे : आधी शाळेची इमारत, मग पाण्याची टाकी, मग फाटक, मग झाडे. चारही दिशा पाहून झाल्या म्हणजे तो स्वतःभोवती एकदा वळला, हे चंद्र झालेल्या विद्यार्थ्यालाच सर्वांत आधी कळते.

असा प्रत्येक प्रयोग झाल्यावर ‘यात काय खरे नव्हते?’ हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण शरीराने केलेली गोष्ट पक्की बसते आणि तिच्यातली चूकही तितकीच पक्की बसते. चंद्र झालेला मुलगा पृथ्वीपासून हातभर अंतरावर फिरला असेल. पृथ्वीच्या जागी फुटबॉल ठेवला तर चंद्र सहा सेंटीमीटरचा, साधारण मोठ्या लिंबाएवढा होतो आणि तो सुमारे साडेसहा मीटर दूर धरावा लागतो. एका विद्यार्थ्याच्या हाती लिंबू देऊन तेवढे अंतर पावलांनी मोजायला लावावे, आणि मग तीच फेरी त्या अंतरावरून पुन्हा मारायला सांगावी.